इंटरवलच्या फुडचं पिक्चर

लातुरात माझ्याइतके पिक्चर बघितलेला माणूस दुसरा सापडायचा न्हाई, हे मी भर बाजारात उभं राहून कोणालाबी सांगीन. फक्त इंटरवलच्या फुडं काय झालं ते इचारू नका, कारण तवर मला झोप लागलेली असती.

आता झोप लागती त्याला मी काय करू? भर दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलीला धरून ठेवायलेलं असतंय, डोक्यावरचं ओलं फडकं वाळून पापड झालेलं असतंय, आन् अशा टायमाला टाकीजचा तो जाड काळा पडदा हातानं सारून तुमी आत पाय टाकता. आधी काहीच दिसत न्हाई. निस्ता वास येतोय. शेंगाच्या टरफलाचा, बिडीचा, लोकाच्या घामाचा, आन् त्या सगळ्याच्या खाली एक लई जुना, ओल्या मातीचा वास. चांगल्या दिवसात मालक खेळ सुरू व्हायच्या आधी भुईवर पाण्याचा सडा मारायचा. दुष्काळात ते बंद झालं, पण वास काही गेला न्हाई. माणसाचंबी असंच असतंय का हो? ओल कवाच आटलेली, आन् वास तेवढा मागं राहिलेला? मी चाचपत चाचपत, कोणाच्या तरी पायावर पाय देऊन शिव्या खात, माझ्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर जाऊन टेकतो. पडद्याचा उजेड तोंडावर पडला की वाटतंय, आता दोन-तीन तास ही दुनिया माझ्याबिगर चालंल. चालतीच. खरं म्हणजे जरा बरीच चालती.

मी आडत बाजारात हमाल. शाळेत एकदाच गेलो, भिंतीला चुना लावायला. त्यामुळं पोस्टरावर काय लिहिलेलं हाय ते मला वाचता येत न्हाई, आन् म्हणून पिक्चरला मी माझीच नावं ठेवतो. घोड्याचं पिक्चर, पांढऱ्या लुगड्याचं पिक्चर, दोन मिशावाल्याचं पिक्चर. त्या वर्षी दुष्काळ असा पडला की आडतीत तुरीचं पोतं दिसंना. तराजू वाऱ्यानं हालायचा. आमी सगळे हमाल पोत्याच्या ढिगावर नव्हे, ढिगाच्या जागेवर बसायचो. पाठ रिकामी राहिली की जास्त दुखती, हे मला त्या वर्षी कळालं. मेहनतीचा थकवा रातच्या झोपेनं जातोय; पण दिसभर काही न करता जो थकवा येतोय, त्यो कुठं ठेवायचा? मी त्यो टाकीजमधी नेऊन ठेवायचो.

टाकीजला मी फुकटात जायचो, पण चोरून न्हाई. पिक्चरची रिळं पत्र्याच्या पेट्यात बंद होऊन यष्टीनं यायची. त्या पेट्या गाडीच्या टपावरून उतरवायच्या, हातगाड्यावर घालायच्या आन् टाकीजला पोचवायच्या, हे काम माझ्याकडं. त्याच्या बदल्यात मालकानं मला कोणत्याबी खेळाला आत सोडायचं, असं ठरलेलं. डाकू, पोलीस, दोघांची म्हातारी आई, नाचणारी बाई, सगळे त्या पेट्यात गुंडाळून पडलेले, आन् मी त्यांना घेऊन "बाजू, बाजू" करत भर रस्त्यातनं चाललेला. ह्या नटनट्यांच्या इतक्या जवळ दुसरं कोण गेलं असंल? पण पडद्यावर आल्यावर एकानंबी कधी वळख दाखवली न्हाई.

तेवढ्यात आमचा जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालायचं टळलं, पाट्या रंगवून नव्या झाल्या, साहेबलोकांच्या जीपा वाढल्या. नळ तेवढा तालुक्याचाच राहिला. माझ्यासारख्याला जिल्ह्याचा फायदा एकच दिसला. आधी पिक्चर नांदेडात चालून चालून घासायचं आन् मंग आमच्याकडं यायचं, त्यात नटीच्या तोंडावर इतक्या रेघा की तिची दया यायची. आता कवा कवा पेट्या पहिल्या लातुरात उतरायच्या आन् आमचं बघून झाल्यावर नांदेडला जायच्या. लोक कलेक्टर कचेरीची नवी इमारत बघून जिल्हा झाला म्हणायचे; मी बिनरेघाची नटी बघून म्हणायचो.

आमच्या गल्लीत दुपारचा टँकर यायचा. नेमका कवा, ते टँकरलाबी माहीत नसायचं. बाया सकाळपासून घागरी रांगेला लावायच्या आन् लिंबाच्या फाटक्या सावलीला बसून राहायच्या. मी टाकीजमधून डोळे चोळत यायचो, की आवाज यायचा, काय वो, कसं हाय पिक्चर? आन् मी तिथं टेकायचो. एका पिक्चरमधी पावसाचं गाणं व्हतं. एरवी अशा गाण्याला पोरं शिट्ट्या मारून छप्पर उडवतात; पण त्या वर्षी कोणी शिट्टी मारली न्हाई. सगळी टाकीज गप. नटी काय करायली हे कोण बघतंय! सगळ्यांचे डोळे तिच्या पायाखालून वाहून चाललेल्या पाण्यावर. आन् पुढच्या बाकड्यावरचा एक म्हातारा कळवळून म्हणला, "आरं, खाली बादली ठेवा की कोणीतरी." हे मी रांगेत सांगितलं तवा आमच्या शेजारची गिरजाकाकूनं आपल्या घागरी जराशा फुडं सरकवल्या. मंग म्हणली, असलं पिक्चर बघायला मी माझ्या दोन घागरी सोडीन.

तवापासून आमच्या गल्लीत पिक्चरचं माप घागरीवर आलं. म्हणजे त्या पिक्चरपायी रांगेतला नंबर सोडून किती घागरी पाणी गेलं तर चालंल, एवढंच इचारायचं. घोड्याच्या पिक्चरला मी अर्धी घागर दिली. घोडा लई गुणी, पण त्याच्यावर बसलेला माणूस काही कामाचा न्हाई. घोड्याला एकट्याला सोडलं असतं तर पूर्ण दिली असती. दोन मिशावाल्याच्या पिक्चरमधी भाऊ-भाऊ जत्रेत हरवले तवा मला झोप लागली, आन् जागा झालो तवा ते एकमेकाच्या गळ्यात पडून रडायलेले. मधी पंधरा-वीस वर्षं गेली म्हणे. मलाबी तेवढीच झोप झाल्यासारखं वाटलं, म्हणून दोन घागरी. देवीच्या पिक्चरला बाया चपला दाराबाहेर काढून आत आल्या, पडद्यापुढं नारळ फुटले, आन् घंटेच्या आवाजानं माझ्या डोळ्याला डोळा लागला न्हाई. तरी तीन घागरी दिल्या, देवीला कमी द्यायची माझी काय टाप! मारामारीच्या एका पिक्चरला मात्र कायबी दिलं न्हाई. एवढी माणसं उचलून आपटली त्यानं, आन् एकदाबी कंबर धरली न्हाई. मी पोती उचललेला माणूस, मला ते कसं पटावं?

तुमच्यापासून काय लपवायचं, माझं खरं माप घागरीचं नव्हतंच. ज्या पिक्चरमधी झोप गाढ लागली, त्याला घागरी जास्त. आन् रांगेत बाया इचारायच्या, मंग शेवटी काय झालं? तर मी सगळ्यांची लग्नं लावून द्यायचो. मेलेल्याला जिता करायचो, आंधळीला डोळे द्यायचो, सासूला रडवून सुनेच्या गळ्यात घालायचो. पदरचं काय जातंय? त्या दिवसात सगळ्यांच्या घरात अर्धंच काहीतरी चाललेलं; निदान पिक्चर तरी पुरं व्हावं.

आमची पोरगी इमल ह्याच असल्या पिक्चरवर वाढली. लहानपणापासून तिनं माझ्याकडून निम्मे पिक्चर ऐकले, आन् तिला माझे शेवट कधीच पटले न्हाईत. उरलेला निम्मा भाग ती मनानंच जोडायची. तिचं लग्न मी नांदेडात केलं. नदीकाठचं गाव हाय, पोरीला जन्मभर पाण्याची तरी तकलीफ न्हाई, असा माझा हिशेब. हिशेबात मी कसा हाय ते तुमाला कळालंच असंल. नदी खाली, आन् पोरीचं घर वरच्या वस्तीत. तिथल्या नळाला पाणी आठ दिसात कवातरी, आलं तर आलं. जावई बालाजीराव तेलाच्या मिलीत रातचे वाचमन. माणूस सरळ, कमी बोलणारा, रातभर जागणारा आन् दिसभर झोपणारा. घरात सासू, दीर, जावा, पोरंसोरं, आन् पाणी भरायचं काम नव्या सुनेकडं.

एक दिस सासू दीर-जावांना घेऊन माहूरच्या देवीला गेली. घरातलं काम आवरलं व्हतं, नळ यायची काही चिन्हं नव्हती, शेजारच्या बाया निघाल्या व्हत्या, म्हणून इमल दुपारच्या खेळाला गेली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आन् नेमका त्याच दुपारी नळ आला. सगळ्या वस्तीनं पिंपं भरून घेतली. सासू माहूरहून गड चढून-उतरून आली, पाय धुवायला लोटा मागितला, तर घरात थेंब न्हाई. फुडं काय झालं ते मी झोपेतबी सांगू शकतो. बापाकडं जा आन् खुशाल पिक्चर बघ, असं म्हणून सासूनं पिशवी हातात दिली, आन् पोरगी संध्याकाळच्या यष्टीनं लातूरला आली. नळ आला तवा बालाजीराव घरातच व्हते. नळापासून दोन पावलावर, बाजेवर, झोपलेले. पण झोपलेल्या पुरुषाला कोण दोष देतंय? मला तर आजवर कोणी दिला न्हाई.

इमल रडली न्हाई, भांडली न्हाई. दुसऱ्या दिसापासून टँकरच्या रांगेत सगळ्यात पहिली घागर तिची. आमची भरायची, गिरजाकाकूची भरायची, कोण बाळंतीण असंल तिची भरायची. सासरचं सांडलेलं पाणी माहेरात भरून काढायली, असं वाटायचं. मी रांगेत पिक्चर सांगायला बसलो की ती उठून घागरीजवळ जाऊन उभी राहायची, पाठ करून. बाकीच्या बाया हसायच्या; पण माझं सगळं ध्यान त्या पाठीकडं. तुमाला सांगतो, इतक्या लोकांना हसवायचं आन् घरचं एक माणूस हसंना, त्यापरीस जड पोतं मी उचललं न्हाई.

नांदेडाहून सांगावा येईना. मंग आला धोंड्याचा महिना. पावसाळा कागदावर सुरू झालेला, आभाळात काही न्हाई. पण जावयाला धोंडे खायला बोलवायची रीत कोणत्या दुष्काळानं चुकती? माझी बायको सरू हिनं निरोप धाडला, आन् बालाजीराव आले. एकटेच, बारकी पिशवी घेऊन, तोंड उतरलेलं. रीतीला आले का न्यायला आले, हे त्यांनी सांगितलं न्हाई आन् इचारायची आमची छाती झाली न्हाई. धोंडे खाऊन माणूस उठंल तवा इमलची पिशवी त्याच्या हातात असंल का न्हाई, एवढाच सवाल घरात फिरत व्हता. सरूनं मला चुलीपाशी बोलावून बजावलं, की ह्या दोन दिसात पिक्चर हा शब्द तोंडातून निघाला तर जेवायला वाढणार न्हाई.

जावयाचा पाहुणचार काय सांगू! त्यांना आंघोळीला अख्खी बादली. आमी सगळे ओल्या फडक्यानं तोंड पुसणारे, आन् दाराआड उभं राहून ते पाणी अंगावर पडायचा आवाज ऐकायलो, जणू गाणं लागलंय. खाली परात ठेवलेली, तेच पाणी पुन्हा भांड्याला. पुरणाचे धोंडे झाले, तूप उसनं आलं. इमल वाढायली, बालाजीराव जेवायले, दोघांच्या मधी ताट. आन् ताटापलीकडं एक शब्द न्हाई. एक रातीचा जागलेला, एक दिसाची राबलेली. मला वाटलं, ही काही भांडलेली माणसं न्हाईत, ही दमलेली माणसं हायेत. पण दमलेलं माणूस भांडलेल्यासारखंच दिसतंय. मी दोन-तीन गमती केल्या. एका गमतीला परात हालली, बाकी कोणी न्हाई.

दुसऱ्या दिसाची दुपार. जावई बाजेवर बसलेले, मी उंबऱ्यात. आन् त्यांनी हळूच इचारलं, "मामा, टाकीज इथून लांब हाय का?"

घरात जे जिथं व्हतं ते तिथं थांबलं. सरूच्या हातातलं लाटणं थांबलं. आता ह्याच्यात टोमणा हाय का साधा सवाल, कसं कळावं? आमच्याकडं जावई आला की त्याला पिक्चर दाखवायचं, हीबी रीतच हाय. इचारल्यावर न्हाई म्हणलं तर त्यो अपमान. सरूनं माझ्याकडं बघितलं, आन् नजरेनंच सांगितलं की न्या, पण चांगलं बघून न्या. जन्मात पहिल्यांदा माझ्या अकलेवर घरातलं काहीतरी अवलंबून पडलं. मी बिनघोर व्हतो. आमच्या टाकीजला त्याच आठवड्यात हिरव्या लुगड्याचं पिक्चर लागलेलं, मी आधी बघून आलेलो, आन् त्याला मी चार घागरी दिल्या व्हत्या. चार कोणाला म्हणून दिल्या न्हाईत. त्यात नवरा-बायकोचं नवं नवं लग्न, बैलगाडीतून सासरी जाणं, जत्रेत बांगड्या भरणं, शेतात भाकर सोडणं, सगळं इतकं गोड, इतकं सावलीचं, की मला तशी झोप महिन्यात लागली नव्हती. दाराशी तिकिटं फाडणारा खाजाभाई हाय, त्यानं फुडच्या खेळाला मला हालवून उठवलं. एवढं सुखाचं पिक्चर बघून कोणत्या जावयाचं मन वितळणार न्हाई?

सरू आन् इमल बायांच्या बाजूला बसल्या, आमी दोघं माझ्या कोपऱ्यात. इमल यायला तयार नव्हती. आईनं काहीतरी कानात सांगितलं तवा पायात चपला घातल्या. पिक्चर सुरू झालं. बैलगाडी निघाली, बांगड्या भरल्या, मी चोरून जावयाकडं बघायलो. ते पडद्याकडं बघायले, तोंडावर थोडी सावली उतरल्यासारखी. मी मनात म्हणलं, झालं काम.

इंटरवलला भजे आणायला बाहेर आलो. खाजाभाईनं बालाजीरावांना आत जाताना बघितलं व्हतं. त्यो मला कोपऱ्यात घेऊन म्हणला, "क्या रे, दामाद कू ये दिखाने लाया तू? आगे मालूम है क्या?"

मला कसं माहीत असणार? त्यानं सांगितलं. इंटरवलच्या फुडं त्यो नवरा आईच्या बोलण्यात येतोय, हिरव्या लुगड्यावालीला घराबाहेर काढतोय, आन् ती पोरगी एकटी राहून काय काय दिवस काढती. शेवट सांगणार तेवढ्यात घंटा झाली आन् त्यो तिकडं पळाला. माझ्या हातातले भजे गार झाले. मी माझ्या हातानं, माझ्या पोरीला आन् तिला टाकून दिलेल्या नवऱ्याला, एका छपराखाली बसवून हे दाखवायलो! घागरी चार! मनात म्हणलं, पोटात कळ आली म्हणावं, भुईवर लोळावं, काय वाटंल ते करावं; पण जावयाला बाहेर काढावं. तसाच अंधारात बाकड्यापाशी आलो, तर बालाजीराव भिंतीला डोकं टेकवून गाढ झोपलेले.

असली झोप मी कधी इतक्या आनंदानं बघितली न्हाई. रातपाळीचा माणूस, अंधार मिळाला, झोपला. मी त्यांच्या शेजारी राखणदारासारखा बसलो. कोणी खोकलं तर त्याच्याकडं डोळे वटारायचे, कोणी बिडी पेटवली तर फुंकर मारायची, एवढं डोक्यात ठरवलं. भजे मांडीवर. वारा फिरवायचं काम छतावरचा पंखा त्याच्या मनाप्रमाणं करायलेला. आन् दुसऱ्याच्या दुःखात झोप कशी चांगली लागती बघा, पडद्यावर ती पोरगी रडायला लागली एवढंच मला आठवतंय.

उठलो तवा दिवे लागलेले, आन् माझं डोकं जावयाच्या खांद्यावर.

बाहेर उन्हं उतरली व्हती. सरू आन् इमल दाराशी उभ्या, दोघींचे डोळे लाल. सरूनं माझ्याकडं जे बघितलं त्याला माप न्हाई. आमी घराकडं निघालो, चौघं चार दिशेला तोंड करून. कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी सुरू केलं. म्हणलं, लई चांगलं पिक्चर, शेवटी कसं सगळं गोड झालं, त्या म्हातारीनं सुनेला कसं पोटाशी धरलं, अशी माझी नेहमीची लग्नं लावायलो. बालाजीराव दोन-चार पावलं ऐकत राहिले. मंग थांबले.

"मामा, तुमच्या घोरण्यानं मी दोनदा जागा झालो," ते म्हणले. आन् मंग माझ्याकडं न बघता, इमलकडं बघून, "ती बाई एकटीच काहून पाणी ओढायली व्हती?"

रस्त्यावर टांगे, रिक्षा, सायकली, सगळं चाललेलं. इमलनं पदर सावरला, डांबराकडं बघितलं. इतक्या महिन्यात नवऱ्यानं तिला पहिल्यांदा काहीतरी इचारलं व्हतं, आन् ते तिच्याबद्दल नव्हतं, पडद्यावरच्या बाईबद्दल व्हतं. मला वाटतंय, म्हणूनच तिला सांगता आलं. तिनं सुरुवातीपासून सुरू केलं. पिक्चरमधला त्यो नवरा घरात कसा व्हता आन् कसा नव्हता, त्या बाईनं कोणाला काय काय सांगून बघितलं, कोणी ऐकलं न्हाई. ती दोघं फुडं, आमी दोघं मागं. मला तुटक तुटक ऐकू यायचं. "मंग ती म्हणली," असं इमल म्हणायची, आन् फुडचं रिक्षाच्या आवाजात जायचं. बालाजीराव मान खाली घालून चालायले. रातभर मिलीचं दार राखणारा माणूस, तसं कान देऊन.

गल्लीच्या तोंडाशी आलो तर टँकर लागलेला. जी ती बाई पळायली. इमल बोलता बोलता घरात गेली, घागर घेऊन आली, रांगेला लागली. बालाजीराव तिच्या मागं गेले, आन् तिच्या हातातली घागर त्यांनी घेतली. धोंड्याच्या महिन्यात, सासरवाडीला, जावई बायांच्या रांगेत घागर घेऊन उभा! गिरजाकाकूनं तोंडाला पदर लावला. मी लाज राखायला फुडं धावलो, की पाव्हणं, आणा इकडं, हे काय करायलाव. तर सरूनं माझी बाही धरून मागं ओढलं. मला वाटलं ती रागावली. पण ती माझ्याकडं बघतबी नव्हती. ती त्या दोघांकडं बघत व्हती. रांग फुडं सरकायली, पाइपातून पाणी पडायलं, आन् इमलचं सांगणं चालूच. पाणी पडायच्या आवाजात पिक्चरचा शेवट मला काही ऐकू आला न्हाई.

संध्याकाळी जेवताना बालाजीरावांनी सांगितलं ते एवढंच. नळाखाली पत्र्याचा रिकामा डबा ठेवायचा आन् तोटी उघडी सोडायची. पाणी आलं की डबा वाजतो, मंग कसलाबी झोपलेला माणूस उठतो. बाज त्या डब्याशेजारी ओढीन, म्हणले. आईशी मी बोलीन, हेबी म्हणले, पण ते बारीक आवाजात. इमलनं ऐकून घेतलं. सकाळी बघितलं तर पिशवी भरलेली व्हती.

त्याच सकाळी हिरव्या लुगड्याचं पिक्चरबी लातुरातून उठलं. पेट्या नांदेडला जायच्या व्हत्या, पोरगी-जावई निघालेले त्याच गाडीनं. मी हातगाडा ढकलत यष्टीच्या ठेसनावर आलो, टपावर चढलो, एकेक पेटी वर घेतली, दोरीनं आवळली. पत्रा उन्हानं तापलेला, आन् झाकणाच्या फटीतून तोच वास आला. टाकीजचा, अंधाराचा, टरफलाचा, खालच्या ओल्या मातीचा. मी पेटीवर हात ठेवून जरासा बसलो. खाली माझी पोरगी, वर हे पिक्चर, दोन्ही एकाच गाडीत. आन् दोन्हींचं निम्मंच मला माहीत. किती वर्षं मी त्या बाकड्यावर बसलो असंन, आन् जे जे बघायचं व्हतं ते नेमकं कवा झालं? माझ्या डोळ्यावर झोप असताना. थकवा खरा व्हता, त्याच्यात खोटं काही न्हाई. पण त्या दोघांचा थकवाबी खराच व्हता की.

कंडक्टरनं घंटी मारली. मी शिडीवरून उतरलो आन् खिडकीशी गेलो. बालाजीराव आतल्या बाजूला, पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटायच्या बेतात. इमल खिडकीत. सांगण्यासारखं बापाजवळ लई असतंय, पण मला ऐन टायमाला दुसरं काही सुचंना. मी म्हणलं, इमल, दुपारी रांगेत बाया इचारतील, मी काय सांगू? शेवटी त्या हिरव्या लुगड्यावालीनं नवऱ्याला घरात घेतलं का न्हाई?

गाडी हालली. तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला आन् माझ्याकडं बघितलं, रांगेत मागं वळून कधी बघितलं नव्हतं तसं.

"सांगणार न्हाई बाबा," ती म्हणली. "नांदेडला येऊन बघा. पण जागं राहून."